खोडवा राख

दसऱ्याच्या सकाळी आमच्या सोसायटीत लोक दाराला आतून कडी घालतात. घटापुढे उगवलेलं धान उपटून टोपीत, केसांत खोवायची वेळ झालेली असते आणि नेमके तेव्हाच आहेर सर जिना चढत असतात. "उपटू नका हो! नऊ दिवसांचं लेकरू ते!"

तळमजल्यावरच्या आहेर सरांनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी उपटण्याविरुद्ध मोहीमच उघडली. देवळ्याहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, आयुष्यात काय उपटलं रे तू?"

"काहीच नाही," सर अभिमानाने म्हणाले.

दरवर्षी नांगरायचं, पेरायचं आणि माती वाहून जाताना बघायचं, ही सरांच्या मते माणसाची सगळ्यात जुनी चूक. ज्वारी आंब्यासारखी असावी, एकदा लावली की वर्षानुवर्षं खावी. म्हणून बिल्डिंगमागच्या पट्ट्यात त्यांनी ज्वारीचं एका रानगवताशी लग्न लावलं होतं. संतती गवतावर गेली. उंची भरपूर, मुळं पुरुषभर खोल, दाणे मोहरीएवढे. त्या दाण्यांची भाकरी त्यांनी सगळ्यांना चाखायला दिली. प्रत्येकाच्या वाट्याला बिस्किटाएवढी आली. तेवढी पुष्कळ होती.

"कशी आहे?" सरांनी विचारलं.

"टिकाऊ आहे," आई चावत म्हणाली.

"तेच तर!" सर खूश.

चेअरमन निकम काकांना त्या जागेवर पार्किंग हवं होतं. मीटिंगमध्ये त्यांनी निकाल दिला, "सर, यंदा कापल्यावर तुमचं गवत परत फुटलं तर जागा तुमची. नाही तर पेव्हर ब्लॉक."

"गवत नाही, ज्वारी."

"फुटल्यावर ठरवू."

फाल्गुनात कापणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सर पुतणीच्या लग्नाला देवळ्याला गेले. मागे लक्ष ठेवायला त्यांनी मला निवडलं, कारण मी फार बोलत नाही. जाताना चिठ्ठी दिली: 'बेटा, पहिलं काम, खोडवा राख. मग रोज चार बादल्या पाणी.' खाली फोन नंबर.

खोडवा म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. मी इंग्लिश मीडियमची. राख म्हणजे काय, ते मात्र माहीत होतं.

फोन करून विचारायचं म्हणून वाक्य मनात तीनदा जुळवलं आणि फोन केलाच नाही. जमिनीतून वर आलेल्या वाळक्या बुडख्यांकडे बघून अंदाज बांधला. वॉचमन दादांनी आनंदाने काडी लावली. मी राख नीट पसरली आणि पाणी घातलं.

चौथ्या दिवशी सर परतले. काळ्या पट्ट्यात वाकून त्यांनी एक जळका बुडखा चाचपला. मी चिठ्ठी पुढे केली.

"अगं, राख म्हणजे सांभाळ," ते हळू आवाजात म्हणाले. "कापल्यावर बुडखे ठेवले की त्यातून पुन्हा पीक येतं, तो खोडवा. तो राखायचा असतो."

तेवढ्यात निकम काका मोजायची टेप घेऊन आले. "पेटवलं कोणी हे?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मीच सांगितलं होतं. आगीची चाचणी. लय महत्त्वाची असते."

त्यानंतर सर रोज त्या राखेला पाणी घालत होते आणि मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. दोन आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी काळ्यातून हिरवी टोकं वर आली. निकम काकांनी वाकून पाहिलं, "गवतच दिसतंय," म्हणाले आणि टेप गुंडाळून निघून गेले.

मी सरांची माफी मागायला गेले. "तेव्हाच फोन करायला हवा होता मी. पण लग्नघरात तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून..."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मांडवात तीन दिवस फोन हातात धरून बसलो होतो मी," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी नवखी आहे, काहीतरी अडेल, विचारेल. असं काही विचारायला मला कोणी फोन करत नाही गं."