खासगी होडीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी

ऐतिहासिक बंदराचं शहर पाहायला खासगी होडीसारखं वाहन नाही. आगगाडीने येणाऱ्याचं स्वागत हमाल करतो. होडीने येणाऱ्याचं खुद्द सरकार करतं, आणि तेही तीन प्रतींत.

हा मान वरळी कोळीवाड्यातल्या कालिंदीला छप्पन सालच्या जानेवारीत मिळाला. तिने तो मागितला नव्हता, हे आधीच नोंदवलेलं बरं.

त्याचं असं झालं. मुंबई कोणाची, यावरून शहर पेटलं होतं. एका कचेरीने संचारबंदी पुकारली आणि दुसरीने त्याच दिवशी गिरगावात शिष्यवृत्तीची परीक्षा ठेवली. कचेऱ्या एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या मजल्यांवर, म्हणून दोन्ही हुकूम कायम राहिले. (जिना होता. पण तो शिपायांसाठी.) शिष्यवृत्ती मिळाली तर कालिंदीची पुढची शाळा, नाहीतर आईच्या मागोमाग डोक्यावर मासळीची पाटी, एवढाच प्रश्न होता, म्हणजे सरकारी दृष्टीने काहीच नव्हता.

तिचा बाप कुशाबा शाळेत गेला नव्हता, पण हुकूम त्याने लेकीकडून दोनदा वाचून घेतला.

"रस्ते, गल्ल्या, पूल, मैदानं. यात दर्या लिवलाय काय?"

"नाही, बा."

"मंग बस होडीत."

वाऱ्याने साथ दिली. साडेदहाला होडी गिरगाव चौपाटीच्या वाळूला लागली, पेपर अकराला. वाळूतच टेबल-खुर्ची टाकून शरच्चंद्रराव बसले होते. समुद्रमार्गे येणाऱ्यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. खुर्चीचे दोन पाय रुतल्याने ते जरा उत्तरेकडे झुकले होते, पण त्यात राजकारण नव्हतं. माणूस सज्जन. फक्त त्यांच्यापाशी अर्जाचा एकच नमुना होता, आणि तो स्वतःच्या बोटीतून सहलीला येणाऱ्या विलायती लॉर्डांसाठी छापलेला.

"कुठून आलात?"

"सायेब, आमी आलो नाय," कुशाबा म्हणाला. "आमी इथलंच हाव."

"तसा रकाना नाही."

शेवटचं बंदर: वरळी. बोटीवरचा मद्यसाठा: चहा, एक किटली. सोबत आणलेली शिकारी कुत्री: नाहीत. पाहायची प्रेक्षणीय स्थळं: वर्गखोली क्रमांक चार. इथवर झरझर झालं. मग 'राज्य' असा रकाना आला आणि शरच्चंद्ररावांचं पेन थांबलं.

"हे अजून दिल्लीत ठरायचंय."

"अकराच्या आत ठरेल का?" कालिंदीने विचारलं.

त्यांनी समुद्राकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि लिहिलं: 'ठरल्यावर भरणे.' खाली शिक्का मारला: 'पर्यटक. मुक्काम तीन दिवस.'

"साहेब, तुम्ही कधी आलात मुंबईला?" तिने विचारलं.

"मी? आठ वर्षं झाली की. साताऱ्याहून."

"मग तुमचा अर्ज?"

"मी गाडीने आलो, बाळ," ते मायेने म्हणाले.

शिक्क्याची ती चिठ्ठी पाहताच पोलिसांनी तिला रस्ता दिला, कारण पर्यटकांना संचारबंदी लागू नव्हती. (गोळीला वाचता येत नसल्याने बाकीच्यांनी घरातच राहावं, अशी सूचना होती.) अकरा वाजून पाच मिनिटांनी ती वर्गात पोचली. दुसरं ओळखपत्र नव्हतं, म्हणून मास्तरांनी तीच चिठ्ठी उत्तरपत्रिकेला टाचली.

कालिंदी पहिली आली. पण शिष्यवृत्ती स्थानिकांसाठी होती, आणि ही तर कागदोपत्री पाहुणी. शिष्यवृत्ती रीतसर दुसऱ्या नंबरच्या मुलाला गेली. हेरंब नावाचा तो मुलगा दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला. पण कुठून आला याचा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता, तेव्हा तो स्थानिक, हे उघडच आहे.

"तीन दिस तर कवाच सरले," कुशाबा म्हणाला. "आता परत जायचं कुठं, तेवढं इचार त्यांना."

तिने तसा अर्ज केला. उत्तर यायचंय. तोवर ती वरळीला मुदतीबाहेर राहते आणि बाजारात बोंबील विकते.

वाचकहो, हसू नका. तुम्ही या शहरात कधी आलात, कशाने आलात, परत कधी जाणार, याचा एक तरी कागद आहे का तुमच्यापाशी?

नाही ना? मग अभिनंदन. शिष्यवृत्ती तुमचीच.