अप्पा डॉक्टरांनी पाहिलेल्या दाढा

आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर अप्पा 'या, बसा' म्हणायच्या आधी 'आ करा' म्हणायचे. समोर कुणीही असो. दूधवाल्यालाही त्यांनी उंबऱ्यावर आ करायला लावलं होतं. हळदीकुंकवाच्या वेळी ते अंगणातून जाऊ लागले की बायका तोंडाला पदर लावून गप्प बसायच्या. न जाणो, दात बघून वय सांगून मोकळे व्हायचे! गिरणीत कामाला येणारी पोरं पुरेशा वयाची आहेत का, हे दातांवरून ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. तीच खोड घरी आली. "दात वर्ष सांगत्यात, तिथी इचारू नका," हे त्यांचं पालुपद.

आईवडील गेल्यावर मी मामांकडे वाढले. मामा बैलांचे दलाल. माझा जन्म कधीचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न करायला तेव्हा नुकतीच बंदी आली होती. वळसंगचं स्थळ आलं, तशी मामांनी माझी शाळा सोडवली आणि हिला पंधरावं सरलं असं सगळ्यांना सांगून टाकलं. मला लग्न नको होतं. पण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

अप्पांनी मला ओट्यावर गाठलं, आ करायला लावलं. मग मामीला सांगून दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रेच्या यंत्राला गाल टेकवून माझ्या दाढांचा फोटो काढला आणि तो घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या घरी आले.

मामा भडकले. पोर काय जनावर आहे का, म्हणाले.

"बैल घेताना दात बघताय की, रामभाऊ. मग पोर देताना बघायला काय झालं?"

त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या दाढांची मुळं टोकाशी अजून उघडीच होती; ती चौदा-पंधराला मिटतात. वर्षभर इकडंतिकडं होईल, पण पोर बारा-तेराच्या वर नाही, असं त्यांनी समजावलं. मामांनी फोटो हातात घेतला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिला.

"असला खोंड मी औताला जुपला नसता," ते म्हणाले.

वळसंगला नकार गेला. मी पुन्हा शाळेत जाऊन चौथी पास झाले. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळेच.

मामी शेंगापोळ्या घेऊन अप्पांकडे गेली, मी तिच्या मागे. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या पोरीची एवढी काळजी कशी, असं तिने विचारलं.

"माझी बायको सोळाची म्हणून दिली होती, वैनी. पहिल्या बाळंतपणात गेली. मी तवा दातांचंच शिकत होतो."

"मग तिचे दात बघितले न्हाईत?" मामीने हळूच विचारलं.

"कसं बघणार? माझ्यापुढं ती कधी तोंड उघडून हसलीच न्हाई."