ग्यानबाचा चेहरा जुळत नाही

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मग ग्यानबाच म्हणाला, "लिही बापा, पण मायं नाव बदलू नको. लय मुश्किलीनं सिद्ध झालं थे."

तर ग्यानबाचं म्हणणं, यंदा हयातीचा दाखला म्हणजे पाच मिनिटांचं काम! जिल्हा परिषदेतला निवृत्त शिपाई तो. दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचं दाखवायचं, तरच पेन्शन चालू. मागच्या साली दोघांनी धरून आणलं होतं. यंदा वाशीमच्या स्टँडवर दांडी न धरता बसमधून उतरला.

करामत असगंधाची. असगंध म्हणजे आपली अश्वगंधा. त्याचा जुना दोस्त शफीक टेलर, त्याच्या अम्मीचा नुस्खा. कोमट दुधात अर्धा चमचा पूड, चार महिने. गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप लागली, गाल खरबुजासारखे भरले. पूड लागू पडली का दूध, कोण जाणे. शफीक मात्र बाजारभर सांगत होता, "मी याले दहा वर्षं मागं आनलं."

तिथंच घोटाळा झाला.

दाखले काढून देणाऱ्या धम्मदीपा नावाच्या पोरीनं मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. "काका, डोळे मिचकवा."

मिचकवले.

"चेहरा जुळून नाई राह्यला."

"कोनाशी?"

"तुमच्याशी."

सात वेळा तेच. शफीक म्हणाला, "पाठ वाकव." वाकवली. "दात काढ." कवळी काढून खिशात टाकली. शफीकनं कापडावर खुणा करायचा खडू काढून त्याच्या मिशीला फासला. ग्यानबा पिठात पडलेल्या बोक्यासारखा दिसू लागला, तरी मोबाइल ऐकेना.

"आज शेवटची तारीख हाय काका," धम्मदीपा म्हणाली. "नाई झालं त कागदावर तुमी..."

"मेलो," ग्यानबानं पुरं केलं. "असगंध खाऊन मेलो."

शफीकनं टेबलावरचं आधार कार्ड उचललं. मोबाइल ज्याच्याशी चेहरा जुळवत होता त्या फोटोकडे पाहतच राहिला. गाल बसलेले, डोळे खोल. ग्यानबाची बायको वच्छला गेली त्याच्या नवव्या दिवशी काढलेला फोटो. शफीकनंच नेलं होतं ग्यानबाला, हात धरून. त्यानं खडू खिशात ठेवला.

"लाव पोरी मोबाइल," तो म्हणाला. मग हळूच, "ग्यानबा, वच्छलाभाभीनं शिवाले टाकलेलं पोलकं अजून मायाच दुकानात टांगून हाय. जांभळं. कवा नेशील?"

ग्यानबाचे गाल उतरले, डोळे आत गेले. एकदा मिचकले.

"जुळलं," धम्मदीपा म्हणाली. हसलं कोणीच नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर शफीक किती वेळ कपातच पाहत होता. "माफ कर यार. आज घेऊनच जाय थे पोलकं."

"नाई," ग्यानबा कवळी बसवत म्हणाला. "तिथंच राहू दे. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा इचारजो. तवापर्यंत नेणार नाई, शब्द देतो तुले."