इमारतीची शिक्षिकेच्या पदावर नेमणूक

शिक्षक थकतो, शिंकतो, मेव्हण्याच्या लग्नाला रजा मागतो. इमारत मात्र जागची हलत नाही. तिच्या या गुणाकडे शिक्षणक्षेत्राने इतकी वर्षं दुर्लक्ष केलं, ही खेदाची बाब आहे.

आमच्या भागातल्या शाळेने ती चूक सुधारली. नवी इमारत पर्यावरणपूरक तर होतीच, शिवाय दारावर ‘इमारत हीच शिक्षिका’ असं ठळक लिहिलं होतं. भिंती पाण्याचं महत्त्व सांगत, जिने व्यायामाचं. छतावरचं पावसाचं पाणी काचेच्या नळीतून वर्गावर्गातून फिरत टाकीत जाई. (टाकी गळते. त्यामुळे जलचक्र चटकन समजतं.) एका पाहणीनुसार चौऱ्याण्णव टक्के मुलांना इमारत आवडते, उरलेली सहा टक्के त्या दिवशी टाकीखाली बसली होती. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या वीतभर ठेवल्या होत्या, त्यामुळे भरदुपारीही दिवे लागत. पण हालचाल दिसली तरच ते लागत आणि सगळे स्वस्थ बसले की विझत, म्हणून विजेची मोठीच बचत होई. (खिडक्या मोठ्या असत्या तर एवढी बचत जमली नसती.)

भूगोलाच्या बाईंचे केस याच शाळेत पिकले होते. नव्या इमारतीचं त्यांनाही कौतुक होतं. फक्त मुलं वाचायला बसली की अंधार व्हायचा आणि अख्खा वर्ग हात वर करून हलवायचा. एके दिवशी नेमके तेव्हाच तपासणी अधिकारी दारात आले. शंभर टक्के हात वर! साहेब गहिवरले. असा प्रतिसाद त्यांनी माणसाच्या तासाला कधी पाहिला नव्हता. इमारत एवढं शिकवते, तर बाई कशाला, असं त्यांनी जाता जाता विचारलं.

बाई धावत मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“सर, वारा कुठून येतो ते मी मुलांना मैदानात उभं करून शिकवते.”

“ते आता छतावरचा वातकुक्कुट शिकवतो, बाई.”

“तो गंजलाय, सर! कधीचा उत्तरेकडेच बघतोय.”

“चला, म्हणजे मुलांची उत्तर दिशा तरी पक्की होईल.”

बाई घरी जाऊन रडल्या. मुलांना शिकवण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला नकोही होतं.

तरीही शाळेने परस्पर काही केलं नाही. लोकसहभाग हा इमारतीचा पायाच होता. संध्याकाळी पालकांची आणि आसपासच्या रहिवाशांची सभा बोलावली. बाईंचं पद रद्द करण्याचा ठराव मांडताना मुख्याध्यापक बराच वेळ बोलले. लोक शहाण्यासारखे स्वस्थ बसले. काहींना डुलकीही लागली. “तर हे ज्यांना मान्य असेल त्यांनी—” असं ते म्हणतात तोच दिवे गेले.

सगळ्या सभागृहाने हात वर केले. लख्ख उजेड पडला.

“एकमताने मंजूर!” मुख्याध्यापक म्हणाले. (बाईंचाही हात वर होता. त्यांना हरकत घ्यायची होती. तोही मोजला.)

तेव्हापासून भूगोल भिंतीच शिकवतात, आणि बाई घरी असतात.

तुम्हीही होतात त्या सभेला, मागच्या रांगेत. हात वर केलात, खाली घेतलात, इमारतीसमोर फोटो काढून घरी गेलात. आता बाई कधी रस्त्यात भेटल्या आणि “काय दिवे लावलेत!” म्हणाल्या, तर टोमणा मारला असं समजू नका. तुम्ही खरंच लावले होतेत.