गंजलेल्या फळीवर ऑर्विल

माझ्या कवळीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर कवळी काढून घ्या आणि जन्मभर मला कणसं नुसती चोखायला द्या.

आमच्या आयोवातल्या जत्रेत जुनाट फळीची स्पर्धा असते. कोऱ्या फळीवर रंग, ठसे आणि उठावाचं काम करून ती शंभर पावसाळे खाल्ल्यासारखी दिसायला हवी. नियम एकच, चित्र नको. पान नको, पाखरू नको, चेहरा तर नकोच. पहिल्या नंबरची निळी रिबन दरवर्षी जोलीन न्यायची. यंदा आर्डिसनं कंबर कसली होती.

"यंदा नाही मिळाली, तर सगळे ब्रश जाळून टाकीन," ती नवऱ्याला म्हणाली.

"हं," ऑर्विल म्हणाला. तो कणीस खात होता आणि लोणी मिशीतून ओघळत होतं.

आर्डिसनं फळीला निळा रंग दिला, वर तपकिरी फासला, ओल्या फडक्यानं पुसला. मग चिकट बिनरंगी शाईनं भेगांचा ठसा मारला आणि तांबूस पूड आणायला आत गेली. तेवढ्यात जेवण अंगावर आलेल्या ऑर्विलनं लोण्यानं माखलेलं तोंड टेबलावर टेकवलं. थेट फळीवर! डुलकी काढून, ती यायच्या आत, तो ट्रॅक्टरकडे गेलासुद्धा.

बिनरंगी शाई काय नि लोणी काय, दिसतंय थोडंच! आर्डिसनं पूड भुरभुरवली, झटकली, वरून गरम हवा मारली. पूड वितळून टरारून वर आली. आधी भेगा आल्या. मग नाक आलं. मग मिशी.

"ऑर्विल!"

"आलो, आलो. अगं, हा देखणा माणूस कोण?"

फळी संध्याकाळच्या आत पोचवायची होती. आर्डिसनं घासलं, तर नाक चकाकलं. पांढरा रंग चोळला, तर तो सुरकुत्यांत शिरला आणि ऑर्विल आणखी म्हातारा झाला. पण बाई हट्टाला पेटलेली. तिनं वरून वार्निशचा जाड थर ओतला आणि फळी तशीच नेऊन दिली.

"उद्या तिथं फिरकलास ना, तर याद राख!"

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई फळीपुढे थबकल्या. "वा! काय ऊनवारा खाल्लाय हिनं!"

"अहो, तो ऑर्विल आहे!" जोलीन ओरडली. "ते बघा नाक!"

बाईंनी चष्मा पुसला. "मला तर नुसता गंज दिसतोय. गंज आणि सडकं लाकूड."

आर्डिसचा जीव भांड्यात पडला. तोच मागून आवाज आला, "सडकं कुणाला म्हणता?"

काडीवरचं सॉसेज चघळत ऑर्विल उभा! "माझं नाक आहे ते. आजोबांवर गेलंय. थांबा, दाखवतोच."

"ऑर्विल, घरी जा!"

पण त्यानं फळीला तोंड लावलं. नाकात नाक, मिशीत मिशी, बरोब्बर बसलं. आणि बसलं ते बसलंच. वार्निश कुठलं वाळायला!

आर्डिसनं टेबलाला पाय लावला, नवऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं. चर्रर्र! चेहऱ्याचा तांबूस थर सगळा ऑर्विलच्या तोंडावर आला, अर्धी मिशी फळीवर राहिली.

बाईंनी फळी पुन्हा निरखली. "आता तर भेगांत वाळकं गवतही दिसतंय! चेहरा कुठंय म्हणालात?"

"तो काय!" जोलीननं ऑर्विलकडे बोट केलं.

"ते स्पर्धेत नाहीत," बाई म्हणाल्या आणि निळी रिबन आर्डिसच्या फळीवर लावली.

आता कवळीची शपथ घेतलीय, म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट मी बदलली. मिशी अर्धी नाही, अख्खी गेली. पण ऑर्विल हात जोडून म्हणाला, "ताई, गोष्टीत तरी अर्धी ठेवा हो!"