भालकीकर आचार्यांची मोठ्या अक्षराची मोहीम

श्रीझरणी नृसिंहाचे चरणी मस्तक ठेवोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, कार्तिक वद्यपक्षी भालकी मुक्कामी जे प्रकरण गुदरले, त्याची हकिकत यथास्थित लिहितो. थोरांच्या मोहिमा गड घेण्यासाठी जाहल्या. ही एक स्वस्त टॅबलेट घेण्यासाठी जाहली. तरी धाप तितकीच लागली, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे.

राजमान्य राजेश्री रामाचार्य, निवृत्त हेडमास्तर, यांनी पस्तीस वर्षे पोरांस शुद्धलेखन शिकविले. त्यांचे कुटुंब मालतीबाईसाहेब यांस कादंबऱ्यांचा नाद मोठा. परंतु वर्षामागे नजर अधू जाहली, छापील अक्षर मुंग्यांची रांग दिसो लागले, चष्म्याची हद्द संपली ऐसे डॉक्टरांनी सांगितले, आणि मग रोज तिसरे प्रहरी आचार्यांनी मोठ्याने वाचावे व बाईसाहेबांनी ऐकावे ऐसा करार ठरला. त्यात बाईसाहेबांचे मन रमेना. आपल्या डोळ्यांनी एक पान वाचावे इतकीच त्यांची आस होती, आणि ती बोलोन दाखविताना एके दिवशी त्यांचे डोळे भरोन आले. ते आचार्यांस पाहवेना. सबब त्यांनी टॅबलेट आणण्याची शपथ वाहिली.

मग आचार्यांनी कलमे लिहिली की, पडदा ताटाएवढा असावा, अक्षर हवे तितके फुगावे, लाईट दिवसभर गेली तरी बॅटरीने दम सोडू नये, बोललेले मराठी समजावे, हातातून पडता फुटो नये, आणि किंमत ऐसी असावी की सांगताना दुकानदारच लाजावा. तो कागद खिशात घालोन, छत्री व दशम्यांचा डबा ऐसा लवाजमा घेवोन, बसच्या खिडकीतून रुमाल टाकोन जागा काबीज करोन, आचार्य बीदरावर चालोन गेले.

बीदरात दुकानाचे मालक सिद्धलिंग यांनी सर्व कलमे शांतपणे ऐकिली आणि अर्ज केला, "सर, ह्या भावात हे समदं कुठं मिळायलंय तेवढं सांगा, मी बी येतो तुमच्यासंगं." तेणेकरोन आचार्यांचे अर्धे बळ खचले. दोन प्रहर रदबदली होवोन, न फुटण्याचे कलम सोडावे, ताटाऐवजी बशीवर राजी व्हावे, ऐसा तह जाहला. हे अडकते काय, म्हणोन पुसता सिद्धलिंग उत्तरले, "अडकतंय, पर पुन्हा उठतंय बी." आचार्यांस आपलेच गुडघे आठवले आणि त्यांनी टॅबलेट पसंत केली.

घरी आणोन माईकचे बटण दाबिले आणि आचार्यांनी शुद्ध मराठीत तीन वेळा आज्ञा केली की, ग्रंथ प्रकट करावा. टॅबलेट ढिम्म. तेसमयी बाईसाहेब भाकरी टाकोन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कामून बोलंना हो हे?" आमचे मुलखी 'का' यास 'कामून' म्हणतात, हे टॅबलेट घडविणारास कोणी कळविले नव्हते. तिने 'कानून' ऐकिले आणि एक जाडजूड कायदा उघडोन ठेविला! बाईसाहेबांची पिठाची दोन बोटे काचेवर उमटली, ते पीठ पुसावे म्हणोन त्यांनी बोटे फाकविली, तो अक्षरे फुगोन चिंचोक्याएवढी जाहली. "कलम पहिले, संक्षिप्त नाव," बाईसाहेबांनी वाचिले. वर्षाने स्वनेत्रे वाचिलेले पहिले वाक्य कायद्याचे निघाले, तरी त्यांनी ते तीनदा वाचिले. आचार्य तोंड फिरवोन उगाच आपला चष्मा पुशीत बसले.

दुसरे दिवशी लातुराहून कन्या श्रीलक्ष्मी हिने, आई ऐकत होती तीच कादंबरी टॅबलेटवर धाडिली. बाईसाहेब हर्षल्या. आचार्य मात्र चार्जिंगचे निमित्त सांगोन टॅबलेट काढोन घेवू लागले. कारण कादंबरी पाचशे पानांची, तिसरे प्रहरी झोप अनावर, सबब वाचणे लवकर आटपावे म्हणोन आचार्यांनी सातव्या प्रकरणात नायिकेचा धाकटा दीर स्वतःच्या अखत्यारीत तापाने मारिला होता, आणि त्याची पुढील सर्व पाने गाळिली होती. दीर गेल्याचे ऐकोन बाईसाहेब त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

बाराव्या प्रकरणी दीर घोड्यावरून परत आला. बाईसाहेबांनी ते पान दोनदा वाचिले, टॅबलेट आचार्यांचे हाती दिली आणि विचारिले, "कामून मारलाव हो त्याला? जिता हाय की ह्यो!" आचार्यांचा अंगठा घाबरोन माईकवर पडला होता. टॅबलेटने पुन्हा 'कानून' ऐकिले, 'मारला' ऐकिले, आणि मनुष्यवधाचे कलम शिक्षेसह पडद्यावर आणिले. बाईसाहेबांनी ते दोन बोटांनी मोठे करोन आचार्यांस वाचावयास लाविले. ह्या वेळी त्यांनी एक शब्द गाळिला नाही. शेवटास बाईसाहेबांस हसू आवरेना, तेव्हा आचार्यांचा जीव भांड्यात पडला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जिंकणार बाईसाहेब, जेर होणार आचार्य, आणि दंड हाच की घडले ते सर्व आचार्यांनी स्वहस्ते लिहावे आणि वाचोन दाखवू नये. त्या हुकुमावरून ही बखर लिहिली. बाईसाहेबांनी ती टॅबलेटवर स्वतः वाचिली, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढिल्या आणि मंजूर केली. धाकटे दीर खुशाल आहेत. कळावे.