तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा

पोस्टमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा संडास घासला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, परदेशात, आणि तोही देवाच्या नावाने. स्वतःच्या घरी त्यांनी चहाची कपबशीसुद्धा कधी उचलून मोरीत ठेवली नव्हती. आणि इथे दर मंगळवारी सकाळी बाह्या सरसावून ते एका परक्या माणसाच्या न्हाणीघरात ओणवे होत, आणि तो माणूस दारात उभा राहून काठीच्या टोकाने 'तिथे राहिलंय' अशी खूण करी.

पोस्टमास्तर निवृत्त झाले, त्यांच्यामागून वर्षभराने त्यांची पत्नीही इस्पितळातल्या नोकरीतून मोकळी झाली. तिला सगळे नर्सबाई म्हणत. मुलगी सासरी सुखात होती. एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दोघांना थांबवून घेतलं. परदेशातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीला निवृत्त जोडपं हवं होतं, दीड वर्षासाठी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांना घरी जाऊन भेटायचं, चार शब्द बोलायचे, प्रार्थना करायची.

"एवढंच?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"एवढंच," पाळकसाहेब म्हणाले.

त्या 'एवढंच'ची पोस्टमास्तरांना पुढे फार आठवण यायची, विशेषतः न्हाणीघरात.

तिथे उपासनामंदिराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत पलंग, दुसरीत टेबल, आणि दोन्हींच्या मधोमध भिंतीतून जाणारा एक पाइप, जो रात्रंदिवस कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज करी. तिथल्या पाळकसाहेबांशी इंग्रजीत बोलणं व्हायचं आणि ते दोन्ही बाजूंना सारखंच जड जायचं. त्यांनी अकरा नावांची यादी दिली, एक शब्दकोश दिला आणि सांगितलं, "सहा महिन्यांनी आपण बसून आढावा घेऊ. जमलं तर पुढचं वर्ष. नाही जमलं तर नाही."

पहिल्या सात आठवड्यांत अकरापैकी दहा नावं निकालात निघाली. दोघं वारले होते, तिघं मुलांकडे राहायला गेले होते, चौघांनी दार उघडलंच नाही. दहाव्या घरच्या बाईंनी फटीतून एकच शब्द उच्चारला आणि दार लावलं. पोस्टमास्तरांनी जिन्यात उभं राहून शब्दकोश काढला. त्या शब्दाचे दोन अर्थ दिले होते: 'नंतर' आणि 'कधीच नाही'.

"नंतर म्हणाल्या असतील," नर्सबाई म्हणाल्या.

"आवाजावरून तसं वाटलं नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

उरलं अकरावं नाव. नुसतं आडनाव, पुढे इमारतीचा क्रमांक आणि 'तिसरा मजला, डावं दार'. इमारतीला लिफ्ट नव्हती. तळमजला सोडून पोस्टमास्तरांनी मजले मोजले: एक, दोन, तीन. डावं दार वाजवलं. आणि दार उघडलं.

दारात पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी घेऊन उभे होते. पोस्टमास्तरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "आम्ही मंडळीकडून तुमच्या सेवेला आलो आहोत." मग यादीतलं आडनाव उच्चारून "आपणच ना?" असं विचारलं. आजोबांना कमी ऐकू येत असावं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली, 'अखेर आलात एकदाचे' अशा चेहऱ्याने बाजूला झाले आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे आठवड्याची खरकटी भांडी साचली होती.

नर्सबाईंनी पदर खोचला. आजोबांनी कोपऱ्यातला झाडू आणून पोस्टमास्तरांच्या हातात दिला.

"अगं, हा काय प्रकार?"

"सेवा करायला आलोय म्हणालात ना? मग करा की."

तेव्हापासून मंगळवार लागला. नर्सबाई भांडी घासायच्या, चादरी बदलायच्या, आणि हे सगळं करताना गीतपुस्तकातली गाणी गुणगुणायच्या. पोस्टमास्तर केर काढायचे, फरशी पुसायचे, खिडक्यांच्या काचा चोळायचे. तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरही त्यांच्याकडे आलं. निघताना दोघं बैठकीत उभी राहून, डोळे मिटून प्रार्थना करायची. आजोबाही खुर्चीत डोळे मिटून शांत बसायचे. त्या पाच मिनिटांसाठी नर्सबाईंना सगळं सार्थकी लागल्यासारखं वाटे, निदान पोस्टमास्तरांना तसं दिसे. प्रार्थना आटोपली की आजोबा एक छापील कागद पुढे करत. त्यावर आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सहीची जागा होती. पोस्टमास्तरांना भेटीची ही नोंदवही वाटली. उभी हयात सरकारी कागदांवर सह्या करण्यात गेलेली. त्या घरातली तेवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडायची.

दुसऱ्या मजल्यावर दर मंगळवारी एक दार किलकिलं असायचं. आत केस नीट विंचरलेल्या, इस्त्रीचे कपडे घातलेल्या एक वयस्क बाई उभ्या असायच्या. त्या काहीतरी बोलायला पुढे यायच्या, हात करायच्या. नर्सबाईंनी त्यांना 'खालच्या मावशी' असं नाव ठेवलं होतं.

"थांबू या का मिनिटभर? त्या काहीतरी म्हणतायत."

"चौकस शेजारी सगळीकडे असतात. चल, आधीच उशीर झालाय," पोस्टमास्तर म्हणत, तोंडभर हसून मावशींना नमस्कार करत आणि पुढचा जिना चढू लागत.

घरी येईपर्यंत त्यांच्या अंगात त्राण नसे. खुर्चीत टेकून ते पाइपचं खाकरणं ऐकत आणि मनाशी ठरवत की आज सांगून टाकायचं, अगं, पुरे झालं, गाशा गुंडाळू. पण तोवर नर्सबाई त्यांचा सदरा धुऊन वाळत घालत असायच्या, त्यांच्याकडे बघून हसायच्या, आणि पोस्टमास्तरांची जीभ रेटायची नाही. अकरा घरांतून तिला एक घर मिळालं होतं. ते कोणत्या तोंडाने हिरावून घ्यायचं?

म्हणून दर आठवड्याच्या अहवालात ते त्याच एका घराबद्दल चार ओळी जास्त लिहीत. 'वृद्ध सभासद अत्यंत उत्सुकतेने वाट पाहतात. प्रार्थनेत सहभागी होतात.' यातलं काहीच खोटं नव्हतं. पाळकसाहेब खूश झाले. त्यांनी दोन सभांमध्ये त्याचा उल्लेख केला आणि पाचव्या महिन्याच्या शेवटी जाहीर केलं, "येत्या मंगळवारी मीही येतो. इतक्या वर्षांत त्या घरून कुणी रविवारी आलेलं नाही. आपण स्वतः बोलावू."

त्या मंगळवारी पोस्टमास्तर नवा सदरा घालून निघाले. पाळकसाहेब खाली कुणाशी तरी बोलत थांबले, "व्हा पुढे, आलोच," म्हणाले. वर गेल्यावर आजोबांनी नव्या सदऱ्याकडे दुर्लक्ष करून बादली दिली. पोस्टमास्तर कामाला लागतात न लागतात तोच बेल वाजली. दारात पाळकसाहेब नव्हते. हातात फाइल घेतलेली एक तरुण बाई होती. नगरपालिकेच्या ज्या कार्यालयातून म्हाताऱ्यांच्या घरी मदतनीस पाठवतात, तिथली ती अधिकारी होती. तिने फाइल उघडून छापील कागदांचा गठ्ठा दाखवला. प्रत्येक कागदावर पोस्टमास्तरांची सही होती, अगदी सुवाच्य. ती काहीतरी विचारत होती. त्यांना त्यातला एकच शब्द कळला: 'कोण'.

"अहो, काय म्हणतेय ती?"

"आपण कोण, असं विचारतेय."

"मग सांगा ना."

पोस्टमास्तरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. हातात संडासाचा ब्रश असल्यामुळे त्याचा परिणाम वेगळाच झाला. अधिकारीबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पाळकसाहेब वर आले ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर खालच्या मावशी होत्या, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मग तिघं एकदम बोलू लागले, आजोबा काठी आपटून त्यांत भर घालू लागले, आणि पोस्टमास्तर बादलीशेजारी उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने पाळकसाहेब त्यांच्याकडे वळले.

"तुमच्या देशात तळमजल्याला पहिला मजला म्हणतात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तळमजला म्हणजे तळमजला. पहिला त्याच्या वरचा."

"इथे तळमजला हाच पहिला."

पोस्टमास्तरांनी हातातला ब्रश बादलीत ठेवला. अडतीस वर्षं. अडतीस वर्षं त्यांनी लोकांची पत्रं अचूक दारात पोहोचवली होती, चुकीच्या पत्त्यासाठी पोस्टमनांना समोर उभं करून झापलं होतं. आणि स्वतः सोळा आठवडे एक मजला वर जात होते.

यादीतलं आडनाव खालच्या मावशींचं होतं. पाळकसाहेबांनी त्यांना पत्राने कळवलं होतं की मंगळवारी दहा वाजता भेटायला येतील. त्या दर मंगळवारी तयार होऊन, टेबलावर तीन कप मांडून दार उघडून उभ्या राहत होत्या. दर मंगळवारी ते दोघं यायचे, हसून हात जोडायचे आणि वर निघून जायचे. मावशींनी तीन पत्रं लिहिली होती. पाळकसाहेबांनी प्रत्येक वेळी पोस्टमास्तरांचा अहवाल वाचून ठरवलं होतं की बाईंचं वय झालंय, भेट झाल्याचं विसरत असतील.

आणि आजोबांचा मंडळीशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी मदतनीस मागितला होता. कार्यालयाने मंजुरीचं पत्र आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाठवला आणि माणूस पाठवायचं राहून गेलं. पुढच्याच आठवड्यात ही दोघं दारात उभी राहिली, आणि सह्या झालेले कागद आजोबा इमानाने कार्यालयाला धाडत राहिले.

"त्यांची काही तक्रार आहे का, विचारा," पोस्टमास्तर खचलेल्या आवाजात म्हणाले.

पाळकसाहेबांनी विचारलं. आजोबा सविस्तर बोलले.

"म्हणतात, बाई उत्तम आहे. माणूस मंद आहे, कोपरे सोडतो, पण मनाने वाईट नाही."

"आणि प्रार्थना?" नर्सबाईंनी विचारलं. "ते दर वेळी आमच्याबरोबर डोळे मिटायचे."

पाळकसाहेबांनी हे विचारायला जरा वेळ लावला, आणि उत्तर सांगायला त्याहून जास्त.

"त्यांना वाटलं, काम झाल्यावर तुम्ही पाच मिनिटं उभ्याउभ्या विश्रांती घेता. वय झालेली माणसं आहेत, थकत असतील, म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यांचाही तेवढ्यात डोळा लागायचा."

नर्सबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसतायत की रडतायत, हे पोस्टमास्तरांना कळलं नाही आणि बघायचा धीरही झाला नाही.

पुढच्या मंगळवारी दोघं दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे तिथल्या तिसऱ्या मजल्यावर, गेली. मावशींचं घर आरशासारखं लख्ख होतं. पोस्टमास्तरांना सोळा आठवड्यांत पहिल्यांदा खुर्ची मिळाली. मावशी बोलू लागल्या त्या श्वास न घेता. पोस्टमास्तर मान हलवत राहिले. वीसएक मिनिटं झाली आणि वरून काठीचे ठोके पडू लागले. आजोबा आपल्या माणसांना बोलावत होते.

मावशी आधी दचकल्या, मग चिडल्या, मग सरळ उठून जिना चढू लागल्या. ही दोघं मागोमाग. अकरा वर्षं एकमेकांच्या डोक्यावर-पायाखाली राहून त्या दोघांचं बोलणं कधी झालं नव्हतं. ते सगळं त्या दिवशी निघालं. काठीचा आवाज, खिडकीतून झटकलेली चादर, नळाचं पाणी. मावशी ओरडून बोलत असल्यामुळे आजोबांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि ते भलतेच खुशीत दिसत होते. अकरा वाजता पोस्टमास्तर आणि नर्सबाई निघाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मावशींनी दार उघडलं नाही. त्या वर होत्या. पोस्टमास्तरांनी वरच्या दाराला कान लावला. भांडण रंगात आलं होतं.

"आता आपली गरज नाही इथे," ते म्हणाले. मनावरचं मणाचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. यादी संपली होती, अब्रू गेली होती आणि आढाव्याचा दिवस शुक्रवारी होता. पाळकसाहेब स्वतःच परत पाठवतील. कुणाचं मन मोडायला नको.

शुक्रवारी पाळकसाहेबांनी दोघांना समोर बसवलं आणि बराच वेळ हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"अकरा वर्षं मी त्या बाईंना सांगत होतो की शेजाऱ्यांत मिसळा," ते म्हणाले. "गेल्या रविवारी दोघं उपासनेला आले. शेवटच्या बाकावर बसून कुजबुजत भांडत होते, पण आले. शहराच्या पलीकडच्या भागात अशाच इमारती आहेत. चौदा नावं आहेत. एक वर्ष. पण तुम्हाला घरी जायचं असेल तर आत्ताच सांगा. मी मुळीच वाईट मानणार नाही."

पोस्टमास्तरांनी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. या बाईला आता घरी चल म्हणायचं, तर काळीज दगडाचं हवं.

"राहतो आम्ही," पोस्टमास्तर म्हणाले.

"हो, राहतो," त्याच क्षणी नर्सबाई म्हणाल्या.

दोघांनी सह्या केल्या. पाळकसाहेबांनी चौदा नावांची यादी दिली, हात हातात घेतले आणि दारापर्यंत सोडायला आले. बसथांब्यावर बाकावर बसल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि म्हटलं, आपल्याला काय, काढू आणखी एक वर्ष. तुझं मन रमलंय ना."

नर्सबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, पाणी आलं ते सुटलो म्हणून. मला वाटलं, आता तुम्ही नाही म्हणणार. पण तुमचा चेहरा इतका उतरला, की म्हटलं, यांना हे काम सोडवत नाहीये."

"माझा चेहरा पहिल्या मंगळवारपासून उतरलेला आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गात होतीस. भांडी घासताना."

"रडू येऊ नये म्हणून गात होते."

एक बस आली. दार उघडून थांबली आणि दोघांपैकी कुणीच उठत नाही हे बघून निघून गेली. मग नर्सबाईंनी यादीची घडी करून पिशवीत ठेवली.

"जाताना रबरी हातमोजे घ्यायचेत," त्या म्हणाल्या. "माझे फाटलेत."

"माझ्या मापाचेही घे," पोस्टमास्तर म्हणाले. "वर्ष काढायचंय."